बिबवेवाडीच्या वेशीवरचा दूरध्वनी : शेतकरी, आडतदार आणि सल्ल्याची पडताळणी

पुणे शहराच्या दक्षिणेस, सातारा रस्ता आणि कोंढव्याकडे जाणारा रस्ता यांच्या दरम्यान वसलेली बिबवेवाडी हे एकेकाळी हवेली तालुक्यातले शेतीवाडीचे गाव होते. आज ती सोसायट्या, महाविद्यालये, कामगार विमा रुग्णालय आणि वरच्या अंगाची अप्पर इंदिरानगरची दाट वस्ती यांमुळे ओळखली जाते. शेतीशी तिचे नाते मात्र अजून तुटलेले नाही, कारण तिच्या उत्तरेला लागूनच गुलटेकडीचे मार्केट यार्ड आहे आणि टपाल खात्याच्या लेखी दोन्ही ठिकाणांचा पिनकोड, ४११०३७, एकच आहे. सासवडच्या बाजूने बोपदेव घाट उतरून येणारा अंजीर, सीताफळ आणि वाटाण्याचा माल कोंढवा आणि गंगाधाम चौक ओलांडून, म्हणजे बिबवेवाडीच्या कडेकडेनेच, बाजारात पोचतो. याच परिसरात पुणे कृषी उत्पन्न बाजार समिती आहे, १९८४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचे मुख्यालय आहे आणि द्राक्ष बागायतदार संघाचे द्राक्षभवनही आहे. शेतकऱ्याला दुरून सल्ला आणि भाव कळवण्याच्या व्यवस्था गेल्या सत्तर वर्षांत कशा बदलत गेल्या, हे पाहण्यासाठी या एका पिनकोडइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी क्वचितच सापडेल.

दूरध्वनीवरील कृषी सल्ला म्हटले की शासनाने किंवा कंपनीने उभारलेली, ठरावीक क्रमांकाची, प्रशिक्षित माणसे बसवलेली सेवा डोळ्यांपुढे येते. या औपचारिक सेवांचा इतिहास तसा अलीकडचा, जेमतेम वीस-बावीस वर्षांचा आहे. त्याआधी आणि त्याच्या बरोबरीने चालत आलेला अनौपचारिक सल्ला, म्हणजे आडतदाराला, खते-बियाणे विकणाऱ्या कृषी सेवा केंद्राच्या मालकाला, शहरातल्या मेहुण्याला किंवा शेजारच्या तालुक्यातल्या अनुभवी बागायतदाराला केलेला फोन, हा वयाने मोठा आणि वापराने कितीतरी अधिक आहे. औपचारिक सेवा आखणाऱ्यांनी बहुधा असे गृहीत धरले की शेतकऱ्यापाशी माहिती नाही आणि ती पोचवली की काम झाले. प्रत्यक्षात त्याच्यापाशी माहिती सहसा असतेच, किंबहुना चार ठिकाणांहून आलेली आणि एकमेकींशी न जुळणारी असते. त्याची खरी अडचण ती खरी की खोटी हे तपासण्याची आहे. म्हणून प्रत्येक नवी सेवा शेतकऱ्याने मूळ सल्लागार म्हणून कमी आणि दुसऱ्याच्या सल्ल्याची पडताळणी करण्याचे साधन म्हणून अधिक वापरली, असे या इतिहासाकडे पाहता दिसते.

दुरून सल्ला देण्याचे प्रयत्न पुण्यात गावोगावी टेलिफोन पोचण्याच्याही आधीपासून चालू होते. भारतीय हवामान खात्याचा कृषी हवामानशास्त्र विभाग डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली १९३२ मध्ये पुण्यात सुरू झाला आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीची हवामानवार्ता आकाशवाणीवरून प्रसारित होऊ लागली. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी चालू झाले आणि तीनच वर्षांनी याच केंद्रावर युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग झाला, ज्याची दखल पुढे जगभरच्या ग्रामीण प्रसारणाच्या अभ्यासात घेतली गेली. १९५६ च्या पूर्वार्धात पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतामंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे, असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक मंडळातल्या सुमारे वीस जणांनी कार्यक्रम एकत्र ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि निघालेले निष्कर्ष व शंका निमंत्रकाने कागदावर उतरवून टपालाने पुण्याला पाठवायच्या, अशी रचना होती. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांच्या पुढाकाराने झालेल्या या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली केले आणि श्रोतामंडळे असलेल्या गावांत ज्ञानात लक्षणीय भर पडल्याचे त्यात आढळले. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली.

या प्रयोगाची मोलाची बाजू रेडिओची नव्हती, टपालाची होती. रेडिओ एकतर्फी बोलतो. गावाकडून येणाऱ्या पत्रामुळे त्याला ऐकावेही लागले आणि आलेल्या शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत द्यावी लागली. शिवाय उत्तर एकट्यादुकट्याच्या कानावर न पडता वीस जणांच्या देखत पडत असे, त्यामुळे सांगितलेली गोष्ट आपल्या रानाला लागू पडते की नाही याचा निवाडा तिथल्या तिथे होई. पुढे दूरध्वनीने उत्तराचा वेग वाढवला, पण ऐकणारा एकटा पडला, आणि ही जी वजाबाकी झाली तिची भरपाई शेतकऱ्यांनी नंतर आपल्या पद्धतीने कशी केली हे पुढे येईलच.

बाजाराच्या बाजूने पाहिले तर दुरून येणाऱ्या वार्तेचे सर्वांत जुने साधन पट्टी हे होय. शेतकऱ्याने पाठवलेला माल आडतदार, म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने माल विकून त्याबद्दल आडत नावाचे दलालीचे शुल्क घेणारा व्यापारी, विकतो आणि वजन, दर, हमाली, तोलाई, मोटारभाडे व आडत मांडून उरलेली रक्कम ज्या कागदावर लिहून देतो तो कागद म्हणजे पट्टी. माल गाडीवाल्याच्या हाती सोपवून गावीच राहणाऱ्या शेतकऱ्याला पट्टी येईपर्यंत आपला माल किती भावाने गेला हे कळण्याचा मार्ग नसे. पट्टी गाडीवाल्याबरोबर किंवा टपालाने येई आणि तोवर पुढचा तोडा, म्हणजे पिकाच्या पुढच्या तोडणीचा माल, निघालेला असे. आडतदार हा नुसता विक्रेता नव्हता. बियाण्याला, औषधाला, क्वचित घरच्या लग्नालाही तो उचल देई, म्हणजे येणाऱ्या मालावर आगाऊ रक्कम देई, रिकामी पोती किंवा क्रेट पुरवी, कोणते वाण बाजारात चालते आणि माल कसा निवडावा हे सांगे. त्याचा सल्ला उपयुक्त असे आणि तो फुकट मिळे, मात्र माल आपल्याच गाळ्यावर यावा हा त्याचा स्वार्थ त्यात मिसळलेला असे. शेतकऱ्याला हे पुरते ठाऊक असे. त्याने आडतदाराला कधी परोपकारी मानले नाही आणि सरसकट लुटारूही मानले नाही, जरी शहरी लेखनात या दोनपैकी एकच चित्र रंगवण्याची हौस दिसते.

महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायदा १९६३ चा. या कायद्याने बाजार समित्यांना आवक आणि दर यांची नोंद ठेवणे भाग पाडले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याचा घाऊक व्यापार पेठांतून आणि मंडईच्या परिसरातून गुलटेकडीला हलला तेव्हा या नोंदींनाही एक ठिकाण मिळाले. आवक, म्हणजे त्या दिवशी बाजारात आलेला एकूण माल, आणि किमान व कमाल दर हे वृत्तपत्रांत छापून येऊ लागले व आकाशवाणीवरून ऐकवले जाऊ लागले. पट्टीवरचा दर आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला दर शेजारी ठेवून पाहण्याची सवय बागायती तालुक्यांत याच काळात रुजली. छापील दर हा किमान आणि कमाल यांच्यामधला मोठा पल्ला असल्यामुळे त्यातून आडतदाराची चूक सिद्ध करणे अवघडच होते, तरी विचारणा करायला तेवढा आधार मिळाला.

गाळ्यावर काळा, चकती फिरवायचा फोन आला तरी गावाकडे फोन नसेपर्यंत त्याचा उपयोग व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतच होता. परगावी बोलण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवावा लागे, म्हणजे टेलिफोन कार्यालयाला हवा तो क्रमांक सांगून जोडणी मिळेपर्यंत थांबावे लागे. साधा, तातडीचा आणि विजेच्या वेगाचा म्हणून लाइटनिंग, असे त्याचे दर चढते असत. नाशवंत मालाच्या बाबतीत ही वाट पाहणे परवडणारे नव्हते. गावात एखाद्या डॉक्टरकडे, साखर कारखान्याच्या गटकार्यालयात किंवा सहकारी सोसायटीत फोन असला तर तो अनेकांचा ‘पी. पी. नंबर’ होई: फोन एकाचा, निरोप दुसऱ्याचा, आणि बोलावणे धाडून माणूस येईपर्यंत मिनिटे वाढत जात. अशा फोनवर सल्ला विचारणे म्हणजे चारचौघांत विचारणे होते. भाव, उधारी आणि पिकावरचा रोग यांपैकी काहीही खासगी राहत नसे.

१९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि धूळ व उन्हाळा सोसणारी, वातानुकूलनाविना चालणारी छोटी ग्रामीण स्वयंचलित एक्सचेंजे तिने तयार केली. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे त्यांतले पहिले सुरू झाले. त्यानंतरच्या दहा वर्षांत पिवळ्या पाट्यांची एसटीडी दुकाने तालुक्याच्या गावांपासून मोठ्या खेड्यांपर्यंत पोचली. एसटीडीचा दर रात्री उतरत असे आणि उशिरा तो दिवसाच्या चतुर्थांशावर येई. भाजीपाल्याच्या व्यापाराचे घड्याळही नेमके रात्रीचेच असल्यामुळे ही सवलत शेतकऱ्यांच्या चांगलीच पथ्यावर पडली. नारायणगाव, मंचर, सासवड, शिरूर या भागांतून माल संध्याकाळी भरला जातो, गाड्या रात्री यार्डात शिरतात आणि विक्री पहाटे सुरू होते. म्हणून ‘उद्या तोडा करू का’, ‘आवक किती आहे’, ‘बेंगळुरूचा माल आलाय का’ हे प्रश्न आदल्या दिवशी अंधार पडल्यावरच विचारायचे असतात. काचेच्या खोपटात उभे राहून, समोरच्या यंत्रावर सरकणारे लाल आकडे बघत, शेतकरी एका आडतदाराला फोन करी आणि तो ठेवल्यावर लगेच दुसऱ्या गाळ्याला करी. दोन्हीकडून एकच उत्तर आले तर तोडा. उत्तरात तफावत पडली तर तिसरा फोन गावातल्या गाडीवाल्याच्या घरी, कारण कोणत्या गल्लीतून किती गाड्या भरल्या हे त्याला सर्वांत आधी कळे. कोणत्याही खात्याने न शिकवलेली ही पडताळणीची रीत पुढच्या सगळ्या सेवांच्या वापराचा पाया ठरली.

मोबाइल भारतात १९९५ मध्ये आला, तरी येणाऱ्या फोनचेही पैसे द्यावे लागत तोवर तो शेतापर्यंत पोचणे शक्य नव्हते. २००३ मध्ये येणारे फोन मोफत झाले आणि पुढच्याच वर्षी, २१ जानेवारी २००४ रोजी, केंद्र सरकारने किसान कॉल सेंटर सुरू केले. आरंभी १५५१ आणि पुढे १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर, सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात, बावीस भाषांत उत्तरे देणारी ही सेवा आहे. महाराष्ट्रासाठीची केंद्रे पुढे पुणे आणि नागपूर येथे आली. रचना पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर कृषी पदवीधर बसतात. त्यांना उत्तर सापडले नाही तर फोन कृषी विद्यापीठातल्या किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या विषयतज्ज्ञाकडे जोडला जातो.

या फोनचा क्रम पाहण्याजोगा आहे. सल्लागार आधी नाव, जिल्हा, तालुका, गाव विचारून संगणकात भरतो, मग पीक, वाण, लागवडीची तारीख, पाणी देण्याची पद्धत, आधी कोणती फवारणी केली आणि कधी केली हे विचारतो, आणि मगच रोगाकडे वळतो. ‘टोमॅटोवर करपा आलाय’ एवढ्याने त्याचे भागत नाही, कारण लवकर येणारा करपा आणि उशिरा येणारा करपा यांची कारणे वेगळी आणि औषधेही वेगळी. डाग पानाच्या कडेने आहेत की मधे, त्यांत वर्तुळे दिसतात का, पानाच्या खाली पांढुरकी बुरशी आहे का, असे प्रश्न तो करत जातो आणि शेतकऱ्याला पुष्कळदा बांधावरून उठून झाडापाशी जावे लागते. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर हाच शेतकरी पान खिशातून काढून ठेवतो आणि अर्ध्या मिनिटात बाटली घेऊन बाहेर पडतो. त्यामुळे अनेकांनी सोयीचा क्रम उलटा लावला: बाटली आधी दुकानातून घ्यायची आणि ती मारावी का, किती मारावी, दुसऱ्या औषधात मिसळली तर चालते का, हे कॉल सेंटरला विचारायचे. सेवेच्या आखणीत हा वापर गौण होता, पण दुकानदाराचा सल्ला विक्रीशी बांधलेला असताना काहीही विकायचे नसलेला आवाज ऐकायला मिळणे याची किंमत शेतकऱ्याने अचूक ओळखली. विचारले जाणारे प्रश्नही अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले. पीक संरक्षणाचे प्रश्न भरपूर आलेच, पण हवामानाची विचारणा फार मोठ्या प्रमाणावर झाली, आणि २०१९ मध्ये पीएम-किसान योजना सुरू झाल्यावर हप्ता का जमा झाला नाही हे विचारणाऱ्यांची त्यात भर पडली. कृषी पदवीधराकडून बँकखात्याची चौकशी करणे हा सेवेचा गैरवापर आहे असे कोणी म्हणेल. वस्तुतः सरकारी यंत्रणेत फोन उचलणारा माणूस सापडला की लोक त्याला सगळेच विचारतात.

याच सुमारास खासगी कंपन्यांनाही महाराष्ट्राचे बागायती पट्टे दिसले. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा २००७ मध्ये महाराष्ट्रातच सुरू केली. वर्गणी भरली की निवडलेल्या पिकांचे भाव, स्थानिक हवामान आणि पीकसल्ला मराठी लघुसंदेशाने मोबाइलवर येई, आणि वर्गणीची कार्डे काही काळ टपाल कार्यालयांतूनही विकली जात. त्याच वर्षी इफ्को आणि एअरटेल यांच्या भागीदारीतून इफ्को किसान संचार ही कंपनी उभी राहिली. तिने लिहिता-वाचता न येणाऱ्यांचा विचार करून मिनिटभराचे ध्वनिसंदेश निवडले. २००९ मध्ये नोकियाने ‘लाइफ टूल्स’ ही सेवा आधी महाराष्ट्रात बाजारात आणली, आणि तिच्या भागीदारांत गुलटेकडीच्या पणन मंडळाचेही नाव होते. मंडळाकडे राज्यभरच्या बाजार समित्यांचे रोजचे दर संगणकावर येत असल्यामुळे खासगी सेवांनी विकलेल्या भावांचा एक उगम या पिनकोडातच होता, ही गंमत वर्गणीदारांना क्वचितच माहीत असेल. नोकियाची सेवा २०१३ अखेर बंद पडली, रॉयटर्सच्या सेवेची मालकी बदलली.

या सेवांचा शेतकऱ्याला आर्थिक लाभ किती झाला, हे मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत तपासले. काही गावांतील शेतकऱ्यांना रॉयटर्सची सेवा वर्षभर मोफत दिली, काहींना दिली नाही आणि दोन्ही गटांची तुलना केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार मिळालेला भाव, पिकाचे उत्पन्न किंवा पावसाने झालेले नुकसान यांपैकी कशातही सरासरी लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. या निष्कर्षाने अनेकांची निराशा झाली, कारण रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये केरळच्या किनाऱ्याबद्दल नेमके उलटे दाखवले होते: मोबाइल आल्यावर तारलीचे भाव किनाऱ्या-किनाऱ्यांवर एकसारखे झाले आणि गिऱ्हाईक न मिळाल्याने फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ संपली. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. समुद्रात असलेल्या होडीला फोन करून कोणत्या किनाऱ्याला लागायचे हे ठरवता येते. जुन्नरचा टोमॅटो मात्र ज्या पिकअपमध्ये चढतो तिच्यात आणखी सहा जणांचे क्रेट असतात, तिचा रस्ता आणि गाळा आधीच ठरलेला असतो, आणि त्या गाळ्यावर उचल थकलेली असते. भाव कळला म्हणून गाडी वळत नाही. शिवाय तो भाव नव्याने कळला होता असेही नाही, कारण एसटीडी खोपट्यापासून चालत आलेल्या दोन-तीन फोनांनी तो आदल्या रात्रीच हाती येत असे. लघुसंदेशाचा उपयोग पट्टी आल्यावर होता, म्हणजे आडतदाराने लावलेला दर त्या दिवशीच्या बाजाराशी जुळतो का हे घरबसल्या पाहण्यासाठी, आणि या उपयोगाचे पैशातले मोजमाप करणे कठीण आहे.

ग्रामीण माहितीसेवांचा आणखी एक मराठी प्रयोग इथे नोंदवायला हवा. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील सत्तर गावांत संगणक बसवून ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. तिथे शेतकरी पीकपद्धतीचा सल्ला विचारतील अशी अपेक्षा होती. ते मुख्यतः आपल्या उसाची नोंद, वजन आणि खताचा हिशेब बघायला येत. मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरू येथील संशोधन शाखेने २००७ च्या सुमारास त्यांतल्या सात गावांत संगणकाऐवजी लघुसंदेश वापरून पाहिले, आणि शेतात उभे राहून आपल्या उसाचे वजन विचारता येते हे शेतकऱ्यांना फार आवडले. इथेही सल्ल्यापेक्षा हिशेबाच्या पडताळणीलाच मागणी होती.

सरकारी सेवांमध्ये शेतकऱ्याने खरोखर नवी माहिती म्हणून जी स्वीकारली ती कीड-रोग सर्वेक्षणाची. २००८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा प्रचंड उद्रेक झाला आणि तो कळेपर्यंत रानेच्या राने चाळणी झाली. त्यानंतरच्या हंगामापासून राज्याच्या कृषी विभागाने ‘क्रॉपसॅप’ हा प्रकल्प हाती घेतला: ठरवून दिलेल्या शेतांत जाऊन सर्वेक्षकांनी किडी मोजायच्या, आकडे संगणकावर चढवायचे आणि संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीच्या, म्हणजे फवारणीच्या खर्चापेक्षा नुकसान अधिक होईल अशा मर्यादेच्या जवळ आली की त्या भागातल्या शेतकऱ्यांना लघुसंदेश पाठवायचा. पुढच्या आठवड्यात काय येऊ घातले आहे हे आडतदार, दुकानदार किंवा शेजारी यांपैकी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून या संदेशाला प्रतिस्पर्धी नव्हता.

पडताळणीची गरज सर्वांत तीव्र कुठे आहे हे पाहायचे तर द्राक्षाकडे वळावे लागते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाने चर्चासत्रांची परंपरा घातली, १९९७ पासून मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आणि नाशिक, सांगली, सोलापूरच्या पट्ट्यांत एकराप्रमाणे मानधन घेणारे खासगी सल्लागारही आहेत. द्राक्षबागेत एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली फळछाटणी यांपासून दिवस मोजले जातात. छाटणीनंतर कितव्या दिवशी कोणते संजीवक, म्हणजे वाढीचे नियमन करणारे रसायन, किती ढग असताना केवडा या बुरशीजन्य रोगावरची फवारणी, हे निर्णय तासांवर आलेले असतात. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाच्या पावसाने केवडा भडकला तेव्हा सल्लागारांचे फोन दिवसदिवस लागत नव्हते. फोनवरचा सल्ला चुकला तर नुकसान बागायतदाराचे, आणि ‘मी असे सांगितलेच नव्हते’ म्हणायला सल्लागार मोकळा; २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाच्या अंशामुळे युरोपने भारतीय द्राक्षे अडवली तेव्हा कोणी काय वापरायला सांगितले होते हा प्रश्न ऐरणीवर आला. पट्टीला कागद असतो, तोंडी सल्ल्याला नसतो. ही उणीव किसान कॉल सेंटरने उत्तराचा गोषवारा लघुसंदेशाने पाठवून काही प्रमाणात भरून काढली. बागायतदारांनी सल्ला वहीत तारखेसह उतरवून घेण्याची शिस्त लावून घेतली.

व्हॉट्सॲपने दोन जुन्या अडचणी एकदम सोडवल्या. पानाचे वर्णन करण्याची गरज उरली नाही, कारण छायाचित्र पाठवता आले. आणि उत्तर लिखित स्वरूपात, सर्वांच्या देखत येऊ लागले. ‘होय आम्ही शेतकरी’सारख्या गटांत जाणकार, संशोधक आणि शेतकरी एकत्र असतात, एकाने औषध सुचवले की दुसरा त्याला हरकत घेतो, तिसरा आपला अनुभव सांगतो. १९५६ च्या श्रोतामंडळात वीस जणांच्या बैठकीत जे होई तेच इथे शेकडो जणांत होते, फरक इतकाच की निमंत्रक नाही आणि पुण्याला पत्र धाडण्याची गरज नाही. अर्थात गर्दीबरोबर कंपन्यांचे प्रतिनिधीही गटांत शिरले, आणि सल्ला कोणता आणि जाहिरात कोणती हे पुन्हा तपासणे आले. या सगळ्यात शेतकरी स्त्री फारशी दिसत नाही. निंदणी, तोडणी, निवड तिच्या हाताने होते, कीड पहिल्यांदा तिलाच दिसते, पण सातबारा आणि मोबाइल दोन्ही बहुधा दुसऱ्याच्या नावावर असल्यामुळे प्रश्न विचारणारा आवाज पुरुषाचा असतो.

एप्रिल २०२० मध्ये साथीमुळे मार्केट यार्ड बंद राहिले तेव्हा फोनची दिशा उलटी झाली. बिबवेवाडीसारख्या यार्डाच्या उशाला असलेल्या भागातही भाजी मिळेना, आणि पुण्यातल्या सोसायट्यांनी शेतकऱ्यांना व शेतकरी गटांना थेट फोन करून माल दारात मागवला. ग्राहकाचाच फोन येऊ लागल्याने किरकोळ दर काय आहे हे शेतकऱ्याला प्रथमच रोजच्या रोज, मध्यस्थाविना कळले. यार्ड उघडल्यावर यांतले बहुतेक व्यवहार ओसरले, कारण सोसायटी पन्नास किलो घेते आणि तोड्याला पन्नास क्रेट निघतात. तरीही पणन कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने फळे आणि भाज्यांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरल्यापासून आडतदाराशी बोलण्याचा सूर बदलत होताच. आता त्यात सोसायटीच्या दराचा दाखला देण्याचीही भर पडली.

अलीकडे उत्तर देणारा माणूसच नसलेल्या सेवा येत आहेत. २०२३ मध्ये पीएम-किसानसाठी ‘किसान ई-मित्र’ हा संगणकीय संवादक आला, २०२५ मध्ये राज्याच्या कृषी विभागाने ‘महाविस्तार’ हे ॲप आणले, आणि मराठीत प्रश्न बोलून विचारता येतो अशी त्यांची रचना आहे. त्यांना झोप लागत नाही हा त्यांचा व्यावहारिक गुण दुर्लक्षण्याजोगा नाही. किसान कॉल सेंटर रात्री दहाला थांबते. गुलटेकडीच्या फाटकावर गाड्यांची रांग त्याच सुमारास वाढू लागते आणि आवक किती, उतरवायचे की पुढे न्यायचे, उद्याचा तोडा धरायचा की एक दिवस लांबवायचा, हे प्रश्न दहा ते चार या वेळातच विचारले जातात. वीस वर्षे या वेळेत फोन उचलणारा एकच सल्लागार राहिला, तो म्हणजे गाळ्यावर जागणारा आडतदार किंवा त्याचा दिवाणजी, आणि त्याचे म्हणणे तपासण्यासाठी शेतकरी अजूनही दुसऱ्या गाळ्याचा क्रमांक लावतो.